डाव्या मनगटावर काय बांधावं

पाण्याला मी कधी भ्यालो न्हाई, हे आधीच सांगून ठेवतो. आमच्या डोंगरकडा गावाच्या आसपास अशी विहीर दाखवा जिच्या तळाला माझा हात लागला न्हाई. कुणाची घागर बुडाली, कुणाची मोटार पाइपासकट खाली गेली, की माणूस माझ्या दारात उभा. कधी कधी घागरीच्या जागी दुसरंच काही वर आणावं लागलं. ते लिहीत न्हाई. शाळा चौथीत सुटली, पण पाण्याची शाळा मामाच्या हाताखाली पुरी केली.

तर असा मी माणूस सिद्धेश्वरच्या धरणावर गेलो आणि नावेत बसल्या बसल्या असा भ्यालो की हातातला दोर घामानं ओला झाला. गावात लोक विचारून राहिले, काय पाह्यलं, कसं झालं. प्रत्येकाला सांगताना घसा कोरडा पडतो. म्हणून एकदाच लिहून काढतो.

निघताना

शितल माझ्या थोरल्या लेकाची पोरगी. समुद्राकडं, मालवणला नोकरीला असते. पाठीला हवेची टाकी बांधायची, तोंडात नळी धरायची आणि पैसेवाल्या लोकांना पाण्याखाली नेऊन मासे दाखवून आणायचं, ही तिची नोकरी. आमच्या घरात पोरगी असं काही करंल हे कुणाच्या सपनात नव्हतं. माझी म्हातारी म्हणते, "तुमच्याच वळणावर गेली."

नांदेडकडं पाण्याखालचं कायतरी काम होतं म्हणून ती जीप घेऊन आलती. संगं दिनू म्हणून तिकडचा पोरगा. म्हातारीनं पहिल्याच चहाला त्याला विचारून घेतलं, लगीन झालं का. झालं होतं, दोन लेकरंही होती. मग चहात साखर वाढली.

नेमका तवाच गंगारामचा फोन आला. गंगाराम सिद्धेश्वरच्या काठावर राहतो, नावेवर मासे धरतो, माझा तरुणपणापासूनचा दोस्त. त्याचं मोठं जाळं पाण्याखालच्या एका जुन्या झाडाला गुंतून बसलं होतं. ओढलं तर फाटायचं, सोडलं तर पोटावर पाय. शितलनं ते ऐकलं.

"आबा, आमी काढून देतो की. सगळं सामान जीपमध्येच आहे."

"न्हाई," मी म्हणलं.

"काहून?"

"विहिरीला तळ असतो. धरणाला कुणी तळ पाह्यलाय?"

ती हसली आणि सामान भरायला लागली. हट्ट माझ्याच घरातला, दुसऱ्याला काय बोलणार. शेवटी मी एकच अट घातली, तिच्या कमरेचा दोर मी धरणार. न्हाईतर जीपच्या चाकापुढं आडवा पडतो.

निघताना म्हातारीनं पोरीला उंबऱ्यात बसवलं आणि डाव्या मनगटाला गंडा बांधला. काळ्या सुतात बिब्बा ओवलेला, रेणुकामायचं नाव घेऊन. आमच्याकडं लेकीबाळींना डाव्या हाताला बांधतात, गडीमाणसाला उजव्या. त्याचे नेम दोन. गंड्यावर दुसरं काही बांधायचं न्हाई, आणि आपल्या हातानं तो सोडायचा न्हाई. झिजून आपोआप गळून पडला म्हणजे समजायचं, त्याचं काम झालं.

"आजी, गाठ केवढी आवळली!"

"सुटू नये म्हणूनच आवळली, माय."

आखाडा बाळापूर

बाळापूरला जीप पंक्चर झाली. वाटेतच अपशकुन, असं माझ्या मनात आलं, बोललो मात्र न्हाई. मागं हवेच्या टाक्या लवंडल्या होत्या आणि मला त्यांचंच भ्या वाटत होतं. घरातला गॅस पेटवताना मी लांबच उभा राहतो, इथं तर अशा टाक्यांना पाठ लावून बसलेलो.

"ह्याच्यात कोणता गॅस भरलाय?"

"गॅस न्हाई आबा. हवा. आपली नेहमीची हवा, दाबून भरलेली."

"सायकलीच्या ट्यूबातल्यासारखी?"

"तशीच."

फुकटची हवा लोखंडात कोंडून पाठीवर वाहायची! मला काही पटलं न्हाई. बाजाराचा दिवस होता. आमी मिरचीची भजी खाल्ली. दिनूच्या डोळ्यांतून पाणी आलं, तरी गडी आणखी एक मागून खात होता. पंक्चरवाल्याच्या दुकानापुढं सायकलीच्या जुन्या ट्यूबचा तुकडा पडला होता, तो मी विचारून खिशात घातला. माझी खोडच आहे. रबर कुठं तरी कामाला येतंय.

सिद्धेश्वर, संध्याकाळ

औंढ्याला नागनाथाला बाहेरूनच हात जोडले आणि धरणावर पोचलो. दिवाळी होऊन गेली होती, पाणी तुडुंब. भिंतीवरून पाह्यलं की पलीकडचा काठ पुसट दिसतो. आमच्या विहिरीत वाकून पाह्यलं तर आपलं तोंड दिसतं, मागं आभाळ दिसतं. इथं काहीच दिसत न्हाई. हिरवट गढूळ पाणी, वाऱ्यानं अंगावर काटा आल्यासारखं थरथरणारं. काठावर एक बगळा उभा होता, तोही पाण्यात न उतरता नुसता पाहून राहिला होता.

गंगारामनं मरळ मासा ठेवला होता. त्याच्या बायकोनं, सखुबाईनं, शेंगदाण्याचं कूट घालून लाल कालवण केलं, ज्वारीच्या भाकरी थापल्या. दिनूनं चाखून विचारलं, "मावशी, खोबरं नाय घालत?"

सखुबाई म्हणाली, "खोबरं देवाला. माशाला कूट."

सगळे हसले. मी ताटातला तुकडा कडेला सारला. जिथं ही पोरगी उद्या जाणार, तिथलाच ह्यो मासा.

जेवण झालं अन् शितलनं सामान पोत्यावर मांडलं. तिथं मला पहिल्यांदा ते यंत्र दिसलं. घड्याळासारखं, पण डब्बल जाड. ती त्याला कॉम्प्युटर म्हणते. किती खोल गेलो, किती वेळ झाला, आणि वर किती सावकाश यायचं, हे सगळं ते सांगतं. घाई केली तर ओरडतं.

"वर यायला कशाचा नेम? दम संपला की वर यायचं," मी म्हणलं.

"ते विहिरीत, आबा. तुमी एका दमात जाता अन् येता. आमी खाली हवा घेत राहतो. ती दाबाखाली रक्तात मुरते. झटक्यात वर आलं की सोड्याच्या बाटलीचं झाकण उघडल्यासारखे अंगात फुगे होतात. माणूस लुळा पडतो. मरतो पण."

हे तिनं जेवल्यावर हात पुसावेत तसं सांगितलं.

"मग ते यंत्र माझ्यापाशी दे," मी म्हणलं. "नावेत बसून मी पाहतो. तू खाली काम कर. जास्त खोल गेलीस की दोर हलवतो."

दिनू हसायला लागला, तशी शितलनं त्याला डोळ्यानं दाबलं. "आबा, ते अंगावरच पाह्यजे. वरच्या पाण्याचा भार मोजून ते खोली सांगतं. नावेत ठेवलं तर म्हणंल, शितल नावेत आहे."

मला राग आला. खरं म्हणजे लाज वाटली होती, पण मी रागावलो. म्हणलं, मग धड बांधा तरी. त्यावरून निघालं, की बांधायचं कुठं.

दिनूचं यंत्र नळीला लावलेलं, कमरेपाशी लोंबणारं. तो म्हणाला, "हवा किती उरली ते अन् खोली, दोन्ही एकाच जागी दिसतात. गढूळ पाण्यात उचलून डोळ्याला लावलं, झालं."

"लोंबतं ते अडकतं," मी म्हणलं. हे माझं न्हाई, मामाचं बोलणं. मामा म्हणायचा, पाण्यात उतरताना अंगावर सूत नको. त्यानं एक गडी पाह्यलेला, विहिरीत पाइपाच्या खिळ्याला ज्याचा करदोडा अडकला होता. त्या दिवसापासून मामा उतरायच्या आधी करदोडासुद्धा काढून काठावर ठेवायचा, अन् मी पण.

"आमची तीच सवय आहे, आबा. काय भिऊचा नाय," दिनू म्हणाला.

शितलचं मनगटावरचं. डाव्या. "डाव्या हातानं मी ह्या फुगणाऱ्या जॅकेटातली हवा सोडते, वर येताना तोच हात वापरते, तवा ते डोळ्यापुढंच राहतं. उजवा हात कामाला मोकळा." असं म्हणून तिनं पट्टा डाव्या हाताशी नेला आणि थांबली. तिथं गंडा होता.

वर सरकवावं म्हणलं तर पाण्यात घालायच्या पोशाखाच्या जाड बाहीवर पट्टा पुरंना. गंड्यावर बांधलं तर नेम मोडतो. ती माझ्याकडं पाहून हसली. "जाऊ द्या. उद्याच्या दिवस उजव्या हाताला घालते. आजीचं मन कशाला मोडायचं?"

"शहाणी हाय पोरगी," सखुबाई म्हणाली.

पण तिच्या उजव्या हातात सुरी राहणार होती. सुरीचा हात जाळ्यात जाणार होता. अन् त्या हाताला जाड पट्टा, पट्ट्याचं टोक जिभेसारखं बाहेर आलेलं. जाळं काय, शर्टाची गुंडीसुद्धा सोडत न्हाई. इकडं रेणुकामायचा गंडा, तिकडं मामाचा शब्द, अन् मधी हे लेकरू. खाटेवर पडलो, पण डोळा लागला न्हाई, एवढंच सांगतो.

पाण्यावर

सकाळी चहाच्या आधी मी शितलला म्हणलं, "हात दे. डावा."

"काहून?"

"दे म्हणलं ना."

गाठ म्हाताऱ्या बायकोची, नखाला दाद देईना. कापायचा तर धीर नव्हता. पाणी लावलं, खिळ्याच्या टोकानं एकेक पीळ सैल केला. सखुबाईनं तोंडाला पदर लावला. गंगाराम म्हणाला, "नामा, लेका, काय करून राहिला? देवीचं हाय ते!"

"देवीला ठावं हाय," मी म्हणलं. सत्तरी ओलांडली, देवाचा नेम मी कधी मोडला न्हाई. आज मोडला, अन् तोही पाण्यावर जायच्या सकाळी. सुटला तो गंडा मी माझ्या उजव्या मनगटाला बांधला, दातानं गाठ आवळली.

मग यंत्र तिच्या डाव्या हाताला चढवलं. खिशातली ट्यूब काढून तिच्या बारीक चकत्या कापल्या, अन् पट्ट्याचं लोंबणारं टोक त्यात दाबून टाकलं. तबकडी आतल्या बाजूला फिरव, असंही म्हणलं, आमी बैल धरताना घड्याळ तसंच घालतो, काच फुटत न्हाई. ते तिनं ऐकलं न्हाई. "न्हाई आबा, मला बाहेरच दिसतं." बरं म्हणलं. दिनूला चकत्या देऊ केल्या. तो म्हणाला, राहू द्या.

धरणावरच्या माणसाला सांगून आमी नाव काढली. काठ लांब गेला. जिथं गंगारामचं जाळं अडकलं होतं तिथं पाणी काळं दिसत होतं. शितलनं दोराची भाषा मला पुन्हा सांगितली. एक झटका म्हणजे ठीक आहे. दोन म्हणजे वर येतोय. तीन म्हणजे ओढा.

"अन् आबा, तीन झटके आल्याबिगर ओढायचं न्हाई. वर येताना मधी आमी थोडं थांबतो, अंगातली हवा निघून जावी म्हणून. तवा दोर थांबंल. घाबरायचं न्हाई. ओढलं तर माझं वाटोळं होईल."

मी मान हलवली. मामाचा नेम याच्या उलटा होता. मामा म्हणायचा, दोर मुका झाला की विचार करायचा न्हाई, ओढायचं.

दोघं पाठीवर उलटे पडून पाण्यात गेले. तोंडं एकदा वर आली, शितलनं हात केला, अन् पाणी मिटलं. विहिरीत माणूस गेला तर खाली त्याची पांढरी पाठ थोडा वेळ दिसते. इथं हात बुडाला की बोटं दिसत न्हाईत. दोर माझ्या मुठीतून सरकत राहिला. किती सरकावा! मला वाटलं, आता थांबंल, आता थांबंल. शेवटी थांबला. एक झटका आला. ठीक आहे.

पाण्यावर बुडबुड्यांचे दोन पुंजके. गंगाराम वल्ह्याला टेकून बसला. मधूनमधून एक झटका यायचा, मी एक द्यायचो. एवढ्यात जाळ्याची एक बाजू ढिली होऊन तरंगत वर आली. गंगाराम आनंदानं ओरडला, "सुटलं रे!" मी त्याच्याकडं पाह्यलं सुद्धा न्हाई.

कारण तवाच दोर वेडावाकडा हलला. झटका न्हाई, हिसके. जसं आत कोणी झगडतंय. मग ते थांबलं. बराच वेळ काही न्हाई. मग दोन झटके. वर येतोय.

मी दोर गोळा करायला लागलो. हात, दोन हात, आणखी थोडा. अन् दोर थांबला.

थांबंल म्हणून तिनं सांगितलं होतं. मी स्वतःला तेच सांगत राहिलो. मग एक झटका दिला, ठीक आहे का म्हणून. उत्तर न्हाई. पुन्हा दिला. न्हाई. दोर मुका.

"ओढ, नामा!" गंगाराम म्हणाला.

मी दोर तसाच धरून ठेवला.

"अरे पोर अडकली असंल! मामा काय सांगायचे तुझे? ओढ की!"

त्याला माझं सगळं ठावं. आयुष्यभर मी हेच केलं होतं. दोर मुका झाला की ओढलं, अन् ज्यांना उशिरा ओढलं त्यांची तोंडं मला अजून दिसतात. दोन्ही हात आपोआप दोरावर आवळले. खांदे मागं गेले. वीतभर दोर मी ओढलाही. अन् उजव्या मनगटातला बिब्बा दोराखाली दाबला गेला, हाडाला लागला. मी थांबलो.

सोड्याची बाटली. लुळा पडतो. मरतो पण.

पाण्याकडं पाह्यलं. बुडबुडे होते. दोन पुंजके, पण आता एकमेकांना चिकटलेले, एकाच जागी. वर येत होते, फुटत होते, पुन्हा येत होते. मेलेलं माणूस बुडबुडे सोडत न्हाई, एवढी माझी शाळा झाली होती. मी त्या बुडबुड्यांवर डोळे रोवले. एक पुंजका वारा आला की दिसेनासा व्हायचा, तवा मी नावेच्या काठावरून वाकून तो शोधायचो.

गंगारामला धीर निघंना. तो पुढं आला अन् त्यानं दोराला हात घातला. मी कोपरानं त्याच्या छातीत हाणलं. नाव डुचमळली, तो फळीवर बसला.

"येडा झाला काय, म्हाताऱ्या! तुझीच नात हाय ती!"

"म्हणूनच," मी म्हणलं.

तिनं सांगितलेला वेळ कवाच होऊन गेला असावा. माझ्याजवळ यंत्र नव्हतं, मागितलं होतं, तिनं दिलं न्हाई. आता वाटत होतं, आता ओढावं. आता. तोंडातून देवीचं नाव येत होतं अन् डोक्यात एकच, तू सोडला गंडा, नामदेव, तू सोडला.

मग दोर ढिला पडला. मी तो गोळा केला, हळूहळू, तो येईल तेवढाच. अन् नावेपासून दोन वावांवर, आठेक हातांवर, पाणी फुगलं, दोन डोकी एकदम वर आली. शितलच्या उजव्या हातात दिनूच्या जॅकेटचा पट्टा घट्ट धरलेला. डावा हात वर, यंत्र तोंडापुढं. तिनं आधी यंत्र पाह्यलं. मग तोंडातली नळी काढून माझ्याकडं पाह्यलं.

"आबा," ती म्हणाली, "ओढला न्हाई तुमी."

नावेत आल्यावर कळलं. दिनूचं नळीवरचं यंत्र जाळ्यात गुंतलं होतं. शितलनं सुरीनं जाळं कापून त्याला सोडवलं, पण यंत्रावर जाळ्याचा एवढा गुंडाळा बसलेला की काच दिसंना. मग दोघं तिच्या एका यंत्रावर वर आले. त्याला उजव्या हातानं धरलेलं, डावा हात हवा सोडायला अन् यंत्र पाहायला. दोराला द्यायला हात उरलाच नव्हता. अन् दिनूचं यंत्र दिसत न्हाई म्हणून तिनं थांबायचा वेळ वाढवला.

दिनू यंत्रावरचा गुंडाळा सोडवत होता. मग तो म्हणाला, "आबा, ते ट्यूबचे तुकडे आसत काय अजून?"

मी दिले. गंगारामनं छाती चोळत सगळ्यांना बिडी विचारली. जाळं अर्धं हाती लागलं होतं. तो म्हणाला, अर्धं बास.

घरी

परतीच्या वाटेवर, बाळापूर मागं पडल्यावर, मी शितलला विचारलं, "तिकडं समुद्रात तुझा दोर कोण धरतं?"

ती गाडी चालवत होती. म्हणाली, "तिकडं दोर नसतो, आबा."

म्हातारीनं आधी पोरीचा डावा हात उचलून पाह्यला. रिकामा. मग माझा उजवा पाह्यला. तिला काय कळायचं ते कळलं. ती रागावंल म्हणून मी छाती पुढं काढून उभा होतो. ती एवढंच म्हणाली, "गाठ कुणी मारली ही? ढिली हाय." अन् सोडल्याबिगर तिच्यावर आणखी एक मारली.

शितल मालवणला गेली. फोनवर सांगते, पाणी स्वच्छ आहे, तळ दिसतो, घाबरू नका. मी व्हय म्हणतो. गंड्याचं सूत आता झिजून बारीक झालंय, बिब्ब्यापाशी तर दोनच पदर उरलेत. आंघोळ करताना मी उजव्या मनगटाला दगड लावत न्हाई, तो हात पाण्याबाहेर धरतो.